वाफेचा हिशेब

उरण-पेणकडच्या मिठागरांत दर उन्हाळ्यात जे घडते, तेच या पुस्तकात आहे. फक्त उलट बाजूने पाहिलेले. आगरात भरतीचे पाणी अडवतात, उन्हावर सोडतात, पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. मीठ गोळा होते, त्याच्या राशी लागतात, ते बाजारात जाते. उडून गेलेल्या पाण्याची विचारपूस कोणी करत नाही. वास्तविक त्या वाफेत मिठाचा अंशही नसतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाणी वाफ होऊन वर जाताना ते सगळे खाली टाकून जाते. ती वाफ धरली, गार केली आणि भांड्यात उतरवली की पिण्याजोगे गोडे पाणी हाती येते. शाळेच्या पुस्तकात याला ऊर्ध्वपातन म्हणतात, आणि सातवीतला मुलगाही त्याची आकृती काढून दाखवू शकतो. मग ज्या देशाला हजारो किलोमीटरचा किनारा आहे, तिथे किनाऱ्यावरच्याच गावांत वैशाखात टँकर का फिरतो? हा प्रश्न बाळबोध वाटतो, पण त्याचे नीट उत्तर देण्यासाठी एक अख्खे शास्त्र उभे राहिले आहे. या शास्त्राची खरी अडचण मीठ वेगळे करण्याची कधीच नव्हती. ती उष्णतेची होती: किती लागते, कोणाची घ्यायची, आणि एकदा घेतलेली पुन्हा किती वेळा वापरायची.

आकडे मांडले की हे लगेच दिसते. उकळत्या पाण्याची वाफ करायला दर किलोमागे सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. एका घनमीटरला, म्हणजे हजार लिटरला, हा खर्च विजेच्या भाषेत ६३० युनिटांच्या घरात जातो, आणि थंड पाणी उकळीपर्यंत नेण्याची उष्णता त्यावर आणखी. आता दुसरा आकडा पाहा. समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळे करायला निसर्गनियमाने किमान किती ऊर्जा लागावी, याचे गणित उष्मागतिकीने केलेले आहे. निम्मे पाणी गोडे करून घ्यायचे असेल, तर घनमीटरमागे जेमतेम एक युनिट. एकीकडे एक आणि दुसरीकडे सहाशेहून अधिक. मीठ वेगळे करायला एक युनिट पुरते. बाकीचे सारे पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून सोडवून वायुरूप करण्यात खर्ची पडते. सुदैवाने ही उष्णता नाहीशी होत नाही. वाफ पुन्हा पाणी होते तेव्हा घेतलेले सगळे परत करते. ती परतफेड हवेत जाऊ द्यायची की कामाला लावायची, एवढ्या एका प्रश्नाभोवती समुद्रजलाच्या ऊर्ध्वपातनाचा इतिहास फिरतो. पुढे येणारी यंत्रे, शोध आणि वाद वाचताना वाचकाने हा धागा हातातून सोडू नये, अशी माझी विनंती आहे.

मूळ कल्पना फार जुनी. समुद्राच्या पाण्याची वाफ गोडी असते, हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवले आहे. त्याचा भाष्यकार, अफ्रोडिसियसचा अलेक्झांडर, याने इसवी सनाच्या २०० च्या सुमारास खलाशांची रीत सांगितली: समुद्राचे पाणी उकळायचे, भांड्याच्या तोंडावर स्पंज टांगायचे आणि ते पिळून पाणी प्यायचे. त्यानंतर दीड हजार वर्षे या विद्येची प्रगती मंद होती. भट्टी आणि नळी सुधारत गेली, पण उष्णतेकडे कोणाचे लक्ष नव्हते. लोकांचे लक्ष भलतीकडेच होते. पाण्यात काही गुप्त चूर्ण घातल्याशिवाय समुद्राचा 'दोष' जात नाही, अशी समजूत पक्की होती, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत अशा चूर्णांची पेटंटे निघाली. या समजुतीचा सर्वांत नीटस निकाल अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री असताना थॉमस जेफरसन याने १७९१ साली लावला. ऱ्होड आयलंडचा जेकब आयझॅक्स आपल्या गुप्त मिश्रणासाठी सरकारकडून बक्षीस मागत होता. जेफरसनने मिश्रणासह आणि मिश्रणाशिवाय प्रयोग करवून घेतले, आणि मिश्रणाने काहीही फरक पडत नाही असा अहवाल दिला. नुसते साधे ऊर्ध्वपातन पुरते; ते कसे करावे याची माहिती बंदर सोडणाऱ्या जहाजांच्या परवान्यांच्या पाठीवर छापावी, अशी सूचनाही त्याने केली. ज्ञान गुप्त ठेवून विकण्यापेक्षा परवान्याच्या पाठीवर छापून वाटावे, हा विचार मला त्या अहवालातला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रस्तुत पुस्तकाची जातकुळीही तीच आहे.

वाफेची जहाजे आली तेव्हा परिस्थिती बदलली. बॉयलरला गोडे पाणी हवेच होते आणि कोळसा तर जहाजावर होताच. जहाजावरचा कंडेन्सर मग किनाऱ्यावर उतरला. एडन हे त्याचे ठळक उदाहरण. १८३९ पासून नव्वदहून अधिक वर्षे या बंदराचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले. पाऊस जवळजवळ नाही, विहिरी मचूळ, आणि सुएझ कालव्यामुळे जहाजांची वर्दळ वाढलेली. तिथली तहान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंडेन्सरच्या पाण्याने भागवावी लागली, आणि त्यासाठी कोळसाही समुद्रमार्गेच आणावा लागे. म्हणजे एडनचे लोक कोळसा पीत होते असे म्हटले तरी चालेल. लाल समुद्राच्या काठी जेद्द्यात हे यंत्र उस्मानी अमलात पोचले आणि अरबीत 'किंदासा' या नावाने रुळले. हा शब्द म्हणजे 'कंडेन्सर'चेच अरबी रूप. उन्हावर चालणारा एक मोठा प्रयोगही याच काळातला. चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथे १८७२ साली चार्ल्स विल्सन याने सुमारे साडेचार हजार चौरस मीटर काचेखाली मचूळ पाणी पसरून दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी काढले. सोरा वाहणाऱ्या खेचरांना ते पाजत. इंधनाचा खर्च शून्य, म्हणून आजही अनेकांना हा मार्ग आदर्श वाटतो. पण गणित इथेही चुकत नाही. ऊन फुकट असले तरी ते पसरून पडते. एका चौरस मीटरमधून दिवसाकाठी चार-पाच लिटरांपलीकडे पाणी मिळत नाही. दिवसाला वीस कोटी लिटर हवे असेल तर चाळीस-पन्नास चौरस किलोमीटर काच लागेल. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९७८ साली जवळच्या अवानिया गावात दिवसाला पाच हजार लिटरांचे असे सौर संयंत्र उभारले होते. गावाच्या पिण्यापुरते हे तंत्र खरे आहे. शहराच्या स्वप्नात ते आणू नये.

उष्णता पुन्हा वापरण्याची पहिली मोठी युक्ती समुद्रावर सुचली नाही, ती साखरेच्या रसात सुचली. नॉर्बर्ट रिलियू हा न्यू ऑर्लीन्सचा. आई कृष्णवर्णीय, शिक्षण पॅरिसमध्ये झालेले. लुइझियानाच्या ऊसमळ्यांवर गुलाम माणसे उघड्या कढयांतला उकळता रस एका कढईतून दुसरीत ओतत, भाजत, मरत. १८४० च्या दशकात रिलियूने यावर बंद पात्रांची मालिका काढली. पहिल्या पात्रात रस बाहेरच्या वाफेवर उकळतो. त्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या पात्राला उष्णता देते. दुसऱ्या पात्रात दाब कमी ठेवलेला असतो, त्यामुळे तिथला रस कमी तापमानावर उकळतो. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांच्या आतच उकळते, त्याचाच हा पुढचा पल्ला. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. एक किलो वाफ आत घातली, तर ढोबळमानाने जितकी पात्रे तितके किलो पाणी उडते. ही युक्ती मराठी वाचकाला परकी वाटायचे कारण नाही. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले, त्यानंतर महाराष्ट्रात उभ्या राहिलेल्या प्रत्येक साखर कारखान्यात ही मालिका आहे. कारखान्यातली माणसे या पात्रांना 'बॉडी' म्हणतात. शेवटच्या बॉडीतून पाक बाहेर पडतो आणि निवालेल्या वाफेचे पाणी पुन्हा बॉयलरला जाते. उसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणजे कोल्हापूर-सांगलीचा कारखाना ऊर्ध्वपातनाचेही काम करतो, फक्त त्याला पाक हवा असतो. रसाच्या जागी समुद्र घाला, पाकाऐवजी पाणी ठेवा: ही झाली बहुपरिणामी ऊर्ध्वपातनाची पद्धत. या विषयातल्या दोन प्रमुख घराण्यांपैकी हे पहिले आणि, माझ्या मते, जास्त समंजस.

दुसरे घराणे बहुटप्पी झडप-बाष्पनाचे. यात पाणी तापलेल्या नळीवर उकळतच नाही. ते दाबाखाली नव्वद ते एकशेदहा अंशांपर्यंत तापवतात आणि मग कमी-कमी दाबाच्या कप्प्यांतून पुढे सोडतात. प्रत्येक कप्प्यात शिरताच त्यातला थोडासा भाग झडपेसरशी वाफ होतो. ही वाफ वरच्या नळ्यांवर निवते, आणि नळ्यांतून उलट दिशेने येणारे समुद्राचे गार पाणी तिच्यावर तापत जाते. म्हणजे बाहेर निघणारे पाणीच आत येणाऱ्याला तापवते. ग्लासगोच्या वीअर कंपनीतल्या रॉबर्ट सिल्व्हरने १९५७ च्या सुमारास दाखवले, की कप्प्यांची संख्या खूप वाढवली तर महागड्या नळ्या वाचतात आणि वाफही वाचते. १९६० मध्ये कुवेतला अशी संयंत्रे चालू झाली. त्याआधी कुवेतला पिण्याचे पाणी शत-अल-अरबमधून गलबतांनी येत असे. तेलविहिरींवरचा वायू तेव्हा नुसताच जाळून टाकला जाई. त्या आगीला हे काम मिळाले, आणि पुढल्या तीस-चाळीस वर्षांत आखाताची शहरे झडप-बाष्पनाच्या पाण्यावर वाढली. रत्नागिरी-रायगडची कितीतरी कुटुंबे या काळात आखातात गेली. त्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी दुबई-कुवेतच्या नळांतून प्रामुख्याने समुद्राचेच पाणी प्यायले आहे. या पद्धतीला मर्यादा घालणारा शत्रू म्हणजे पापुद्रा. गरम भांड्याला पाण्याचा पांढरा थर धरतो तो सर्वांना माहीत आहे. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियमचे क्षार आणखी आडमुठे. साधारण क्षार उष्णतेने जास्त विरघळतात, हे मात्र तापमान वाढले की बाहेर पडतात आणि नळ्यांवर चिकटतात. नळीवर थर बसला की उष्णता अडते, आणि सगळा हिशेब बिघडतो. म्हणूनच बहुपरिणामी पद्धतीची नवी संयंत्रे सत्तर अंशांच्या आतबाहेर थांबतात. जामनगरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याला पाणी पुरवणारी संयंत्रे याच जातीची.

आता मुख्य आक्षेप. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचे असे पटल बनवले, की दाब दिला तर पाणी आरपार जाते आणि मीठ अडते. व्यस्त परासरणाची ही पद्धत आज 'आरओ' या दोन अक्षरांत घराघरांत पोचली आहे. तिथे वाफ करावी लागत नाही, त्यामुळे अप्रकट उष्म्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चांगले आरओ संयंत्र समुद्राचे घनमीटरभर पाणी तीन-चार युनिट विजेत गोडे करते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात दिवसाला सुमारे साडेनऊ कोटी घनमीटर क्षमता मोजली गेली, आणि तिच्यातला दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा आरओचा होता. आखातातले देशही नवी औष्णिक संयंत्रे सोडून पटलांकडे वळले आहेत. चेन्नईची मिंजूर आणि नेम्मेलीची संयंत्रे आरओचीच, आणि मुंबई महापालिकेने मनोरीला योजलेला दिवसाला वीस कोटी लिटरांचा निःक्षारीकरण प्रकल्पही त्याच पद्धतीचा. मग वाफेवर पुस्तक कशाला, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे.

वाफेच्या बाजूने नेहमीचे उत्तर असे दिले जाते की वीजकेंद्रातली उष्णता वाया जातेच, ती वापरली तर पाणी फुकट पडते. हे उत्तर मला पटत नाही, आणि या पुस्तकानेही ते जसेच्या तसे स्वीकारलेले नाही, याचे समाधान वाटते. टर्बाइनमधून सत्तर अंशांची वाफ मधूनच काढली, तर ती शेवटपर्यंत फिरून जी वीज देणार होती ती हातची जाते. साधे गणित केले तर टनामागे सुमारे ४५ युनिट. बहुपरिणामी संयंत्राने एका टन वाफेत दहा टन पाणी दिले, तरी दर घनमीटरला साडेचार युनिटांचा बोजा पडतो, शिवाय पंपांचा खर्च वेगळा. म्हणजे 'फुकट' म्हटलेले पाणी आरओपेक्षा महाग निघते. खरोखर निरुपयोगी उष्णता म्हणजे जिच्यातून वीज निघत नाही, पाकही होत नाही, जी आज नुसती समुद्रात किंवा हवेत सोडली जाते तेवढीच. वाफेचे भवितव्य या काटेकोर व्याख्येत आहे, असे माझे म्हणणे आहे. व्याख्या सैल केली तर वाफ हरते. काटेकोर ठेवली तर तिला अशा जागा सापडतात जिथे पटल तिची बरोबरी करू शकत नाही.

अशी एक जागा लक्षद्वीपमध्ये आहे, आणि माझ्या दृष्टीने भारतातल्या या विषयाचे ते सर्वांत सुंदर पान आहे. कवरत्तीला जमिनीखाली गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. जरा जास्त उपसा झाला की खारे पाणी वर येते. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने २००५ साली तिथे दिवसाला एक लाख लिटरांचे संयंत्र सुरू केले. त्यात बॉयलर नाही आणि जाळायला काही नाही. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी असते २८ अंशांचे. प्रवाळ बेटांचा उतार इतका तीव्र, की किनाऱ्यापासून फार दूर न जाता साडेतीनशे मीटर खोलवर नळ सोडता येतो, आणि तिथले पाणी बारा-तेरा अंशांचे असते. वरचे पाणी एका निर्वात कप्प्यात घेतात. तिथला दाब वातावरणाच्या जवळजवळ चाळिसाव्या हिश्श्यावर आणला की ते पाणी त्या तापमानालाच उसळते, आणि खालच्या गार पाण्यावर ती वाफ निवते. शंभर लिटर पाणी आत घेतले तर जेमतेम एक लिटर गोडे होते, म्हणून पाणी प्रचंड फिरवावे लागते. पंपांची वीज लागतेच, आणि बेटांवरची वीज मुख्यतः डिझेलवर चालते, हे उणे लपवू नये. समुद्रातल्याच उष्णतेतून ही वीज काढण्याचे काम संस्थेने कवरत्तीला हाती घेतले आहे. पण पटले बदलायला नकोत, रसायने फारशी नकोत, आणि उष्णता खरोखर कोणाच्याही वाट्याची नाही. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही अशी संयंत्रे झाली. याच तत्त्वाचा प्रयोग उत्तर चेन्नईच्या औष्णिक वीजकेंद्रातही झाला: तिथे खोल समुद्राची गरज नाही, कारण कंडेन्सरमधून बाहेर पडणारे पाणी समुद्रापेक्षा काही अंशांनी गरम असतेच. वाफ आणि पटल यांच्या मध्ये कुठेतरी भाभा अणुसंशोधन केंद्राचा मार्ग आहे. तुर्भ्याला अनेक वर्षे प्रयोग करून केंद्राने कल्पक्कमच्या अणुवीज केंद्राला जोडलेले दुहेरी संयंत्र उभारले. त्यात दिवसाला ४५ लाख लिटर झडप-बाष्पनाने आणि १८ लाख लिटर आरओने मिळावेत अशी योजना. वाफेचे पाणी इतके शुद्ध की ते बॉयलरला चालते, पण पिण्यासाठी त्यात क्षार मिसळावे लागतात. आरओच्या पाण्यात थोडे क्षार राहतातच. दोन्ही एकत्र केली तर दोन्हींचे उणे भरून निघते. वाफ-पटलाचे भांडण मिटवण्याची ही रीत कागदावरच्या वादापेक्षा अधिक शहाणी आहे.

मराठी वाचक आपल्या प्रश्नांकडे वळेल तेव्हा त्याने दोन गोष्टी विसरू नयेत. समुद्राचे पाणी मराठवाड्याचा प्रश्न सोडवणार नाही. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. घनमीटरभर पाणी नुसते तेवढे वर उचलायलाच पावणेदोन युनिट लागतात, घर्षण आणि पंपांची तूट वेगळी, चारशे किलोमीटरचे अंतर वेगळे. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याची कारणे जमिनीवरच्या पाण्याच्या वाटपात आहेत आणि उपायही तिथेच शोधावे लागतील. कोकणाचेही तेच. जिथे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे तळी, बंधारे आणि नळांची गळती यांचा विचार न करता समुद्राकडे धाव घेणे हा आळस ठरेल. दुसरी गोष्ट मागे राहणाऱ्या पाण्याची. त्याच २०१९ च्या आढाव्यानुसार साडेनऊ कोटी घनमीटर गोड्या पाण्यामागे जगात दिवसाला चौदा कोटी घनमीटरहून अधिक खारट निचरा तयार होतो. औष्णिक संयंत्राचा निचरा शिवाय गरम असतो, आणि नळ्यांतून सुटलेला तांब्याचा अंशही त्यात येऊ शकतो. इराणच्या आखातासारख्या उथळ समुद्रावर याचा भार पडतो. खाडीच्या मुखाशी जिथे कोळी जाळी टाकतात तिथे असा निचरा सोडायचा असेल, तर तो कुठे, किती खोल, कोणत्या ओहोटीला, हे संयंत्राचा आराखडा काढतानाच ठरले पाहिजे. मागाहून नुकसानभरपाईचा विचार करून भागत नाही.

या पुस्तकाने विषयाचा आवाका मोठा ठेवला आहे, पण तो प्रदर्शनासाठी नाही. इथे उष्मागतिकी आहे आणि गणितही आहे. दहावीच्या विज्ञानावर उभे राहून सावकाश वाचले तर ते समजते, आणि ते टाळून या विषयावर मत बनवणे योग्य नाही. नळ्यांचे धातू, पापुद्रा, निचरा, दर, बेटांवरचे अनुभव, आखाताची धोरणे या सगळ्यांना एकच प्रश्न विचारला आहे: यातली उष्णता कोठून आली आणि ती किती वेळा वापरली. परिभाषा ठरवताना लेखकांनी पाठ्यपुस्तकांतल्या शब्दांबरोबर साखर कारखान्यातले आणि बंदरावरचे शब्दही घेतले आहेत, आणि ते मला विशेष आवडले; कारण संयंत्र चालवणाऱ्या माणसालाही हे पुस्तक वाचता आले पाहिजे. काही निष्कर्षांशी माझे मतभेद आहेत. अणुवीज केंद्राच्या उष्णतेबद्दल लेखक माझ्यापेक्षा अधिक आशावादी आहेत. तारापूरला जितकी वीज होते, तिच्या दुपटीच्या आसपास उष्णता समुद्रात जाते हे खरे. पण ती समुद्राला परतते तेव्हा इतकी कोमट असते, की तिच्यातून पाणी काढायला कवरत्तीसारखेच अवाढव्य पंप लागतील. ते परवडेल का, याचे उत्तर आकडेमोडीने देता येते. ती आकडेमोड करण्याची सामग्री या पानांत आहे. वाचकाने वही-पेन्सिल घेऊनच बसावे.